गारगोटी कुठल्या खणात?

चाळ रिकामी करायची तारीख लागली तेव्हा आईने भांडी मोजायला घेतली आणि आप्पांनी दगड.

भांड्यांचं मी समजू शकत होते. लालबागमधली आमची दहा बाय पंधराची खोली. तिच्यात चार माणसं राहिली, दोन लग्नं ठरली, एक बारसं झालं, आणि या सगळ्या काळात पलंगाखाली एक सात खणांचं लाकडी कपाट ठाण मांडून होतं. ते मुळात गिरगावातल्या एका छापखान्याचं. खिळे जुळवायचे दिवस संपले, छापखाना बंद पडला, तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून आप्पांनी ते उतरवून घेतलं. प्रत्येक खणात लहान लहान कप्पे. कधीकाळी त्यांत क, ख, काने, मात्रा, वेलांट्या असायच्या. तळाला शाईचा आणि शिशाचा काळेपणा अजून आहे. त्या कप्प्यांत आप्पांनी दगड भरले.

आप्पा एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. मुलांच्या प्रॅक्टिकलला नमुने मांडायचे, आम्लाच्या बाटल्या भरायच्या, संध्याकाळी सगळं पुसून परत कपाटात. वर्षभर पोरं त्या दगडांवर खिळ्याने चरे काढायची, फरशीवर घासायची, आम्ल टाकायची. फुटलेले, झिजलेले तुकडे वर्षाअखेरीस फेकायचे असत. आप्पांनी ते फेकले नाहीत. डब्याच्या पिशवीतून एकेक घरी आणला. पुढे विषयाला मुलंच येईनाशी झाली, विभागाची खोली दुसऱ्या कामाला हवी झाली आणि एका शनिवारी कपाटंच्या कपाटं रिकामी झाली. त्या दिवशी आप्पा टॅक्सी करून आले. आयुष्यात त्यांनी टॅक्सी केली ती बहुधा तीनदा: माझ्या जन्माच्या वेळी, आजीला इस्पितळात नेताना आणि या पोत्यासाठी.

प्रत्येक दगडाची नोंद एका लांबोड्या वहीत. क्रमांक, नाव, कुठून आला, कुठल्या खणात. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वही दिसली की हात आपोआप ताळा करायला जातो. वहीत नोंदी 143. कपाटात दगड 142. तीनदा मोजले.

"एक कमी आहे," मी म्हटलं.

"कमी नाही," आप्पा म्हणाले, "नीट बघ." आणि कानातलं यंत्र काढून झोपले. त्यांची वादातून उठून जायची ही नवी पद्धत आहे.

दगड पुड्यांत बांधताना मी पहिल्यांदा त्या खणांवरच्या चिठ्ठ्या नीट वाचल्या. लोखंड. तांबे. शिसे. कॅल्शियम. ॲल्युमिनियम. खार. सातव्या खणावर लिहिलं होतं: इतर. आणि निम्म्याहून जास्त दगड ‘इतर’मध्ये. माझ्या धंद्यात ही धोक्याची खूण समजतात. एखाद्या कंपनीच्या हिशोबात ‘किरकोळ खर्च’ हेच सगळ्यांत मोठं खातं निघालं, तर एकतर कुणीतरी काहीतरी लपवतंय किंवा खातीच चुकीची पाडली आहेत. आप्पा लपवणारे नव्हेत.

म्हणून मी वाचायला बसले. मला यातलं काहीच येत नव्हतं, हे आधीच सांगते. दगड आणि खनिज यांत फरक असतो हेही लहानपणी आप्पांनी भेळेवरून समजावलं होतं तेवढंच. आपल्या पायाखालचा काळा बेसॉल्ट ही भेळ. त्यातलं फेल्डस्पार, पायरॉक्झीन म्हणजे कुरमुरे आणि शेव. भेळेची चव सांगता येते, पण तिचं सूत्र लिहिता येत नाही. खनिजाचं लिहिता येतं. वर्गवारी होते ती खनिजांची.

आणि ती आप्पांच्या पद्धतीने होत नाही.

खनिजांचे गट पाडताना त्यात धातू कुठला आहे हे आधी बघत नाहीत. धातू कुणाच्या सोबतीला आहे, ते बघतात. गंधकासोबत असेल तर सल्फाइड. ऑक्सिजनसोबत ऑक्साइड. क्लोरिन किंवा फ्लोरिनसोबत हॅलाइड. कार्बन आणि तीन ऑक्सिजनच्या जुडीसोबत कार्बोनेट. तसंच पुढे बोरेट, सल्फेट, फॉस्फेट आणि सगळ्यांत अवाढव्य खटलं, सिलिकेट. कुणाच्याच सोबत नसेल, सोनं, गंधक, हिरा यांच्यासारखं एकटंच असेल, तर ते मूलद्रव्यांच्या गटात. म्हणजे ज्या धातूसाठी माणूस डोंगर पोखरतो, तो धातू वर्गवारीत दुय्यम. मला हे ऐकून थोडं खटकलंच. नंतर लक्षात आलं, आम्हीही तेच करतो. बिल साहेबांचं आहे की शिपायाचं, यावर खातं ठरत नाही; प्रवासाचं आहे की छपाईचं, यावर ठरतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी आप्पांना म्हटलं, "तुमची मांडणी चुकली आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "काचेच्या कपाटात सरांची पद्धत होती. तीस वर्षं मीच लावत होतो तशी. घरी माझी."

"पण का?"

"सरांना दगड शिकवायचे होते. मला बघायचं होतं की कशातून काय निघतं." मग थोडं थांबून, "तुझे आजोबा गिरणीत होते. संपानंतर त्यांनी घरातलं सगळं त्याच नजरेने बघितलं. पितळ किती, तांबं किती."

यावर मी काय बोलणार?

पण वाचता वाचता एक गंमत हाती लागली. आप्पांच्या आधी हीच मांडणी स्वीडनच्या बर्झेलियसने केली होती. रसायनशास्त्रात मूलद्रव्यांना अक्षरांची चिन्हं देणारा तो हा. 1814 च्या सुमाराला त्याने खनिजं रसायनाप्रमाणे लावली ती धातूनुसार: लोखंडाची एकत्र, तांब्याची एकत्र. अगदी आमच्या पलंगाखालच्यासारखी. पुढे 1819 च्या आसपास मिट्शरलिख नावाच्या तरुण जर्मन रसायनज्ञाने दाखवून दिलं की स्फटिकातला एक धातू काढून त्याच्या जागी तसाच दुसरा बसवला तरी स्फटिकाचा आकार फारसा बदलत नाही. धातू येतात-जातात, घडण राहते. बर्झेलियसने ते मान्य केलं आणि 1824 मध्ये स्वतःची वर्गवारी स्वतःच मोडून उलट बाजूने पुन्हा मांडली. योगायोग असा की सिलिकॉन पहिल्यांदा वेगळं काढल्याचं श्रेयही त्यालाच आणि तेही 1824 चंच.

मोठ्या माणसाने आपली चूक छापून झाल्यावर दुरुस्त करणं ही मला कुठल्याही शोधाइतकीच मोठी गोष्ट वाटते. अमेरिकेत जेम्स ड्वाइट डेनाने तेच केलं. 1837 मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने खनिजशास्त्राचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात खनिजांना झाडा-प्राण्यांसारखी दुहेरी लॅटिन नावं होती आणि गट पाडले होते बाहेरच्या गुणांवरून, रंग, वजन, कठीणपणा बघून. 1850 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ती पद्धत मोडीत काढली आणि रसायनाची वाट धरली. मी तर मार्चअखेरीस एक व्हाउचर चुकीच्या खात्यात गेलं तरी रात्रभर झोपत नाही.

आता प्रश्न असा की धातूला मागे का ढकलायचं? हे मला पुस्तकातून पटलं नाही. कॅल्शियमच्या खणातून पटलं.

त्या खणात चार मुख्य दगड. कॅल्साइट, जिप्सम, फ्लोराइट, ॲपटाइट. चारही कॅल्शियमचे, सोबत मात्र चौघांची वेगळी: कार्बोनेट, सल्फेट, हॅलाइड, फॉस्फेट. कॅल्साइटवर आप्पांनी ड्रॉपरने आम्लाचा थेंब टाकला (घरात अजून ती बाटली आहे, आईला ठाऊक नाही) तर तो सोड्यासारखा फसफसला. जिप्सम ढिम्म. जिप्समवर माझ्या नखाने चरा उठला. कॅल्साइटला नख लागेना, पण तांब्याच्या तारेने दाद दिली. फ्लोराइट दोघांहून कठीण आणि ॲपटाइट त्याहून एक पायरी वर. मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाच्या 1812 च्या कठीणतेच्या शिडीवर जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपटाइट ओळीने दोन, तीन, चार, पाच या पायऱ्यांवर बसतात. धातू एकच, पण एकाचा गुण दुसऱ्याला नाही. चार सावत्र भावंडांसारखे.

मग आप्पांनी लोखंडाच्या खणातून सिडेराइट काढलं, ‘इतर’मधून मॅग्नेसाइट आणि ऱ्होडोक्रोसाइट. एक लोखंडाचं, एक मॅग्नेशियमचं, एक मँगनीजचं; सोबत मात्र तिघांची कॅल्साइटचीच, कार्बोनेट. ते कॅल्साइटच्या शेजारी ठेवले. तपकिरी, पांढरं, गुलाबी, पारदर्शक. रंगाचा एकमेकांशी संबंध नाही. पण तुटलेल्या कडा बघा. चारही जण तिरक्या ठोकळ्यांत तुटतात, कुणीतरी चौकोनी खोका एका बाजूने दाबल्यासारखे, आणि तो तिरकेपणाही जवळपास तोच, 105 ते 107 अंश. चौघांवर आम्ल फसफसतं. कुणावर लगेच, कुणावर आम्ल जरा गरम केल्यावर. धातू चार, चाल एक. मिट्शरलिखला जे दिसलं ते आमच्या मोरीच्या कठड्यावर मला दिसलं.

"आता कळलं सर तसे का लावायचे?" आप्पा म्हणाले. जणू मीच इतकी वर्षं हट्ट धरून बसले होते.

लालबागमध्ये राहून जिप्समवरून पुढे सरकणं शक्य नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना. जून लागला की मांडव, पांढरी धूळ, ओल्या प्लास्टरचा वास. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच, साधारण दीडशे अंशाला भाजून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडवलेलं. पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम होतं आणि घट्ट धरतं. शेजारच्या कारखान्यात शाडूच्या मूर्ती होतात. शाडू ही माती, म्हणजे सिलिकेट. दोन मंडप, दोन गट. शाडू पाण्यात विसविशीत होऊन पसरते, कारण तिचे पातळ पापुद्रे पाण्याने सुटे होतात. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून भरतीनंतर चौपाटीवर जे दिसतं ते दिसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक उतारा काढला: मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची. सल्फेट अमोनियाच्या गळ्यात पडतं, त्याचं खत होतं; कॅल्शियमला कार्बोनेट मिळतं आणि ते तळाशी खडूच्या भुकटीसारखं बसतं. मला हे वाचून मौज वाटली. कॅल्शियम आधी होतं तेवढंच आहे, फक्त सोबत बदलली आणि दगडाचं खातं सल्फेटवरून कार्बोनेटवर गेलं. जर्नल एन्ट्री म्हणतात याला आमच्यात.

शिशाच्या खणात गॅलेना होतं. चकचकीत, जड, कडा फरशीसारख्या काटकोनी. हे शिशाचं सल्फाइड. त्याच खणात पुडीत शेंदूर, तो शिशाचं ऑक्साइड. आप्पांच्या मते सख्खे भाऊ. पुस्तकाच्या मते दोघांची गावं वेगळी. उलट गॅलेनाचे खरे भाऊबंद घरभर विखुरलेले निघाले. पायराइट लोखंडात. चाल्कोपायराइट तांब्यात. ‘इतर’मध्ये दोन पुड्या: लाल हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, आणि पिवळा हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं. ती दुसरी पुडी मी उघडलीच नाही. पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला हाच पिवळा लेप फासत, कागदाचा रंगही पिवळट, चूक बेमालूम नाहीशी. ‘हरताळ फासला’ म्हणतात ते यावरून. आमच्या भागात मात्र हरताळ म्हटलं की माणसांना बंद आठवतो. तो शब्द वेगळा, दुकानाच्या ‘हाटा’ला ठोकलेल्या टाळ्यातला. दोन वेगळे शब्द एकाच कप्प्यात जाऊन बसलेत आणि कुणाची तक्रार नाही.

तांब्याच्या खणातून मॅलाकाइट काढताना आप्पा जरा कचरले. हिरव्या पट्ट्यांचा तो तुकडा त्यांचा लाडका. तांब्यातून तो कार्बोनेटमध्ये, कॅल्साइटच्या शेजारी जाणार. "थेंब टाकून बघू?" मी विचारलं. "नको," ते म्हणाले, "डाग पडतो." फसफसतं हे त्यांना माहीत होतं.

आईने मध्येच येऊन ‘खार’मधून तुरटीचा खडा आणि टाकणखार उचलला. तुरटी पाण्यासाठी, टाकणखार झुरळांसाठी. एक सल्फेट, एक बोरेट. "तुमचं हे कपाट म्हणजे वाण्याचं दुकान आहे," ती म्हणाली. तिची स्वतःची वर्गवारी दोनच गटांची आहे, लागतं आणि लागत नाही. गेली पन्नास वर्षं आमचं घर त्यावर चाललंय.

‘खार’मध्ये मिठाचा एक डबा होता, खडे मीठ. त्यावर वहीत लिहिलं होतं: वडाळा. मला तो दिवस अंधुक आठवतो. चौथीत असेन. आप्पा मला मिठागरं दाखवायला घेऊन गेले होते. चिखलात आखलेल्या चौकोनी पाण्यांत आभाळ पडलेलं, कडेने पांढरे ढीग. मला वाटलं होतं, पाणी आटलं की मीठ, इतकी ती सोपी गोष्ट. ती तशी नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते एकदम बाहेर पडत नाहीत. पाणी आटून निम्म्यावर आलं की आधी कार्बोनेट तळाशी बसायला लागतं. पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम, म्हणजे सल्फेट. दहाव्या हिश्शावर आल्यावर मीठ, हॅलाइड. म्हणून मिठागरात पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेतात. जिप्सम आधीच्या खाचरात सोडून यायचं, मीठ शेवटच्यात धरायचं. त्यानंतरही उरतं ते मॅग्नेशियमचं कडू पाणी, ते वेळेत काढून टाकलं नाही तर मीठ कडवट. पुस्तकातली वर्गवारी माणसाने बसून केली असेल, पण भांडुप-मुलुंडच्या बाजूला हायवेवरून जाताना जी उरलीसुरली खाचरं दिसतात, त्यांत ऊन आणि वारा ती रोज करतात. कुठल्याही पुस्तकाच्या आधीपासून.

नवरत्नांचा विषय आईने काढला. तिच्याकडे तिच्या आईची अंगठी आहे, झवेरी बाजारातून घडवलेली. "मग हे सांगा कुठल्या खणात?" मी बसून लावली. हिरा मूलद्रव्य, नुसता कार्बन. मोती आणि पोवळं कार्बोनेट, म्हणजे रसायन खडूचं. पाचू आणि गोमेद सिलिकेट. लसण्या ऑक्साइड. माणिक ऑक्साइड. नीलम ऑक्साइड. आणि पिवळा पुष्कराज, जर त्याच्या नावावर टोपाझ खपवलेला नसेल तर, तोही. शेवटची तिन्ही एकच खनिज आहेत, कोरंडम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. चिमूटभर क्रोमियम पडलं की माणिक. लोखंड आणि टायटॅनियम पडलं की नीलम. पत्रिकेत सूर्य आणि शनी, बापलेक असून एकमेकांचं तोंड न बघणारे, आणि इथे दोघांचे खडे एकाच खनिजाचे. त्याहून वरताण म्हणजे माणकाला लाल करणारं तेच क्रोमियम पाचूत गेलं की त्याला हिरवं करतं. धातू तोच. शेजार बदलला, रंग उलटला. आईने अंगठी परत डबीत ठेवली. "रंग बघून घ्यायची वस्तू," ती म्हणाली. सोनार तिच्याच बाजूचा.

आता उरला ‘इतर’चा डोंगर.

तो जवळजवळ सगळा सिलिकेटचा होता आणि यात आप्पांचा दोष नाही. पृथ्वीच्या कवचाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग सिलिकेट. त्यांत धातू इतके मिसळलेले की धातूवरून लावायला गेलं तर एक दगड चार खणांत ठेवावा लागेल. खुद्द शास्त्रज्ञांनाही रासायनिक सूत्रावरून त्यांचा उलगडा होत नव्हता. 1913 मध्ये लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकातली अणूंची मांडणी उकलली आणि पुढच्या दशकात सिलिकेटांची पाळी आली. तेव्हा दिसलं की या सगळ्यांत एकच वीट आहे: मधे एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन. सगळा प्रश्न त्या विटा एकमेकींचे हात कसे धरतात याचा.

हे आप्पांनी मला चाळीच्या भाषेत सांगितलं आणि मी ते पुस्तकापेक्षा सरस मानते. एकट्या उभ्या राहिल्या, एकमेकींचा हात न धरता, तर गार्नेट, ऑलिव्हिन. दोघींनी हात धरले तर फुगडी. गोल धरून फिरल्या तर रिंगण. पाचू ज्याचा प्रकार, ते बेरिल असं. एकामागे एक रांग लावली तर पायरॉक्झीन, आपल्या बेसॉल्टला काळेपणा देणारं. दोन रांगा शेजारी जोडल्या तर ॲम्फिबोल. पटांगणभर सगळ्या बाजूंनी हात धरून पसरल्या तर पापुद्रा: अभ्रक, शंखजिरं, शाडू. म्हणून अभ्रक नखाने सोलता येतं. आणि वर-खाली, चहूकडे, थरावर थर रचून एकमेकांना धरलं तर दहीहंडी. फेल्डस्पार तसा, झिओलाइट तसा.

झिओलाइटांवर आम्ही एक पूर्ण संध्याकाळ घालवली, बांधाबांध तशीच टाकून. हा आपल्याकडचा माल. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थिजताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले, मागून पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांच्या आत स्फटिक उगवले. कुर्ला, मालाड, कांदिवलीच्या खाणींनी मुंबईला बांधायला दगड दिला, तसे हे स्फटिकही दिले. बोरघाटात रेल्वेचे बोगदे खणताना एकोणिसाव्या शतकात निघालेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आप्पांकडे मोतिया-गुलाबी स्टिल्बाइटची एक जुडी आहे, आणि तिच्यासोबत निघणारं ओकेनाइट, अगदी कापसाच्या बोळ्यासारखं. लहानपणी मी त्याला हात लावला होता आणि ते कायमचं चपटं झालं. तो कप्पा अजूनही मला न दाखवता उघडतात. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. हे नाव स्वीडनच्या क्रोन्स्टेटने 1756 मध्ये दिलं, कारण तापवल्यावर त्यातलं पाणी बुडबुडे होऊन निघतं. थरांमध्ये मोकळ्या जागा असतात, पाणी तिथे भाडेकरूसारखं राहतं. काढलं तरी इमारत पडत नाही. यावर चाळीतल्या माणसाला हसू येणारच.

अशी खाती नव्याने पाडल्यावर ‘इतर’ रिकामं झालं. एकही दगड उरला नाही. मला मार्च नीट बंद झाल्यासारखं वाटलं. जगात मान्यता मिळालेली सहा हजारांहून जास्त खनिजं आहेत. 1959 पासून त्यांच्या नावांचा निवाडा आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटना करते. त्यांतली आमच्याकडे शंभरच्या आत असतील, पण खाती तीच.

फक्त ताळा लागत नव्हता. 142.

गेल्या बुधवारी शिवडीच्या भाड्याच्या घरात आलो. चौदावा मजला, लिफ्टला आरसा. कपाट आता पलंगाखाली नाही, भिंतीला लागून आहे, नव्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात. आप्पांनी जुन्या चिठ्ठ्या फाडू दिल्या नाहीत. प्रत्येक खणाच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. सामान लावताना एका गोणपाटातून नारळाएवढी पांढरी गारगोटी निघाली. ती मी जन्मापासून पाहिलेली. आमच्या खोलीच्या दाराला ती टेकण होती. पावसाळ्यात गॅलरीतून वारा घुसला की चाळीतली सगळी दारं आपटायची, आमचं नाही.

वही उघडली. नोंद क्रमांक एक: गारगोटी. कुठून आली: घर. म्हणजे कोकणातलं घर; मुंबईला येताना ट्रंकेत घालून आणलेली, कॉलेजच्या नोकरीच्याही आधी. खण: इतर.

"ही कुठे?" मी विचारलं. मला वाटलं, सगळ्यांत सोपा दगड. स्फटिकच तो, क्वार्ट्‌झ. एक सिलिकॉन, दोन ऑक्सिजन. पण बघायला गेले तर इथेच पुस्तकांचं जमत नाही. जर्मनीच्या श्ट्रुन्त्सने 1941 मध्ये जी कोष्टकं मांडली आणि आज जी खूप ठिकाणी वापरतात, त्यांत क्वार्ट्‌झ ऑक्साइडांत आहे. सूत्र बघा, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, दुसरं काही नाही. जसं माणकात ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. डेनाच्या परंपरेतल्या आजच्या मांडणीत मात्र तो सिलिकेट, फेल्डस्पार आणि झिओलाइटांच्या दहीहंडीत. कारण आतून तो रचलाय त्याच विटांनी, तसेच चारी बाजूंनी हात धरून. सूत्र विचाराल तर एका घरचा, रचना विचाराल तर दुसऱ्या. दोन्ही बाजूंची कारणं मला पटतात आणि हिशोबाच्या माणसाला याहून वाईट काही नाही.

आप्पांना मी हे सगळं मोठ्या आवाजात, दोनदा सांगितलं. त्यांनी गारगोटी हातात घेतली. एका बाजूला तिला चाळीच्या दाराचा हिरवा रंग लागलेला आहे, ती बाजू त्यांनी अंगठ्याने पुसली.

"तुझं मत काय?" ते म्हणाले.

"मी सिलिकेट म्हणेन."

"सर ऑक्साइड म्हणायचे." त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

इतक्यात समुद्राकडून वारा आला, बाल्कनीचं दार भिंतीवर असं आपटलं की आईच्या हातातून झाकण पडलं. नवीन घर, काचेचं दार, मालक दुसरा. आप्पा उठले, गुडघ्यावर हात देत वाकले आणि गारगोटी दाराशी सारली. दार थांबलं.

मग त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, वही मांडीवर ठेवली आणि नोंद क्रमांक एकपुढचं ‘इतर’ खोडून लिहिलं: दार.